पाहुण्यांना कमाटी बाग दाखवायची असेल तर

संक्रांतीला पुण्याहून नणंदेचे कुटुंब बडोद्याला आमच्याकडे आले, ते खरे म्हणजे पतंगांसाठी. उत्तरायण आणि वासी उत्तरायण हे दोन दिवस गच्चीवर गेले, सर्वांच्या बोटांवर मांजाचे काप उमटले, आणि दोन दिवसांचा उंधियू पचायच्या आतच अकरा वर्षांच्या भाच्याने पुढची मागणी मांडली. त्याला प्राण्यांचे थीम पार्क पाहायचे होते. पाच वर्षांच्या भाचीला थीम पार्क म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, पण दादाला हवे ते तिलाही हवेच होते. घरात याशिवाय अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, ज्यांचा उजवा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो, आणि नणंदेचे यजमान, म्हणजे घरचे जावई, ज्यांना काही कमी पडलेले सासूबाईंना खपत नाही. अशा सात माणसांना एकाच जागी सकाळपासून संध्याकाळपर्यंत रमवायचे होते. मी प्राणिसंग्रहालय आणि वस्तुसंग्रहालय असलेली शहरातली कमाटी बाग सुचवली तेव्हा फारसा उत्साह कोणी दाखवला नाही. त्या दिवसाचा हा अभिप्राय आणि त्यातून पक्के झालेले नियोजन, पाहुण्यांचे काय करावे या विवंचनेत असलेल्या बडोदेकरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

थीम पार्कला माझा विरोध होता त्याला एक कारण होते. गेल्या उन्हाळ्यात हीच मुले आली असताना आम्ही महामार्गालगतच्या एका खासगी उद्यानात गेलो होतो. नाव सांगण्यात अर्थ नाही. माणशी बरेच पैसे मोजून आत गेल्यावर फायबरचे हत्ती, गेंडे आणि एक जिराफ दिसला. जिराफाच्या पोटात स्पीकर बसवला होता आणि त्यातून दर दोन मिनिटांनी सिंहाची डरकाळी ऐकू येत होती. जिराफ हा जवळजवळ मुका म्हणावा इतका शांत प्राणी आहे, हे तो स्पीकर बसवणाऱ्याला कोणी सांगितले नसावे. पलीकडे जाळीत पाच-सहा ससे होते आणि त्यांना हात लावण्याचे वेगळे तिकीट होते. ससे एकमेकांच्या पोटाखाली डोके खुपसून बसले होते, रांग मात्र संपत नव्हती. मुले त्या दिवशी खूश होती हे मान्य केले पाहिजे. परंतु महिन्याभराने फोनवर विचारले तेव्हा त्यांना आठवत होती ती फक्त पाण्याची घसरगुंडी.

पहिला घोळ मात्र आमच्याच हातून झाला. वासी उत्तरायण उलटल्यावर डबे भरून, टोप्या घालून, दोन रिक्षा ठरवून आम्ही निघालो, आणि काळा घोडा चौक येता येता रिक्षावाल्यानेच विचारले, "काकी, आज गुरुवार ने?" कमाटी बागेतील प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असते. बडोद्यात जन्म काढलेल्या माझ्या यजमानांना हे ठाऊक असायला हवे होते, आणि तसे सासूबाईंनी त्यांना जावयांसमोरच ऐकवलेही. बागेतील वस्तुसंग्रहालय हे वेगळे खाते असून त्याच्या सुट्ट्या वेगळ्या असतात. म्हणून दोन्ही एकाच दिवशी पाहायचे असेल तर आदल्या दिवशी दोन्हीकडे चौकशी करावी, हा पहिला आणि सर्वांत स्वस्त सल्ला. आमचा डबा त्या दिवशी घरच्या ओसरीवरच संपला.

शुक्रवारी सकाळी मात्र प्राणिसंग्रहालय उघडता उघडता आम्ही दारात होतो. कमाटी बागेचा दिवस बहुतेक कुटुंबे उलट्या क्रमाने लावतात. घरून जेवून निघायचे, बारा-एकला पोहोचायचे, भर दुपारी पिंजऱ्यांसमोरून फिरायचे, आणि सगळे प्राणी झोपलेलेच आहेत म्हणून हळहळत परतायचे. चूक प्राण्यांची नसते. सिंह दिवसाचे वीस तास लोळत काढतो, हरणे ऊन चढले की सावलीला जातात, आणि पाखरे सकाळी जितकी बोलतात त्याच्या चौथाईनेही दुपारी बोलत नाहीत. तेव्हा जिवंत प्राणी सकाळी पाहावेत, दुपारी जेवण आणि विश्रांती घ्यावी, आणि ऊन तापलेले असताना वस्तुसंग्रहालयात शिरावे, कारण तिथले प्राणी दुपारी झोपत नाहीत. बागेची मोकळी हवा, फुलांचे घड्याळ आणि काळा घोडा यांना संध्याकाळ ठेवावी. हा क्रम पाळला तर लहानाची झोप आणि मोठ्यांचे गुडघे दोन्ही सांभाळले जातात. तो मोडला तर दोन्ही एकाच वेळी तक्रार करतात.

बाग मोठी आहे, आणि हे ऐकून जाणे आणि पायांनी अनुभवणे यात फरक आहे. सुमारे ११३ एकरांचा हा पसारा विश्वामित्रीच्या काठी पसरला आहे आणि प्राणिसंग्रहालय नदीच्या दोन्ही अंगांना आहे. कागदोपत्री ती सयाजी बाग. बडोद्याच्या तोंडी ती कमाटी बागच. जावईबापूंनी चालता चालता विचारले की सयाजीराव महाराजांना ही कल्पना सुचली तरी कशी, तेव्हा यजमानांना गुरुवारची भरपाई करण्याची संधी मिळाली. बाग १८७९ ची. सयाजीरावांचा जन्म १८६३ चा, म्हणजे ते तेव्हा पुरते सोळा वर्षांचेही असतील-नसतील, आणि राज्याची सूत्रे त्यांच्या हाती १८८१ च्या अखेरीस आली. मधल्या काळात कारभार पाहत होते दिवाण सर टी. माधवराव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. तेव्हा बागेचे श्रेय देताना या दिवाणांनाही थोडे बाजूला काढून ठेवावे, असे यजमानांचे मत आहे, आणि मला ते पटते.

याच शहरात त्याआधी प्राण्यांचा खेळ वेगळ्या प्रकारचा होता. पाणीगेटजवळच्या अगडात, म्हणजे झुंजीच्या बंदिस्त मैदानात, हत्तींची झुंज लावत. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आले तेव्हा त्यांनाही ती दाखवण्यात आली होती. सत्तेची साठमारी असे आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो, ती साठमारी मूळची हत्तींची, आणि तिच्यासाठी बडोद्याचे नाव गाजलेले होते. भाच्याला हा शब्द इतका आवडला की पुढे दिवसभर बहिणीशी झालेल्या प्रत्येक भांडणाला त्याने साठमारी म्हटले.

सिंहापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा जानेवारीचे कोवळे ऊन नुकतेच आत उतरले होते आणि सिंह त्यात मागचे पाय पसरून बसला होता. आशियाई सिंहाची दोन लक्षणे मुलांना दाखवण्याजोगी आहेत. त्याची आयाळ आफ्रिकेतल्या सिंहाइतकी दाट नसते, त्यामुळे कान स्पष्ट दिसतात. आणि पोटाखाली कातडीची एक लांब घडी लोंबत असते, ती तो उठून चालू लागला की हलते. आमचा सिंह उठला. उठला म्हणजे केवळ जागा बदलून पुन्हा बसला, पण तेवढ्यात ती घडी दोन्ही मुलांनी पाहिली आणि आपण काही विशेष पाहिले आहे असा भाव त्यांच्या तोंडावर आला. रानात हा सिंह आज फक्त आपल्या गुजरातेत, गीर आणि आसपासच्या मुलखात उरला आहे. २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ भरली. "म्हणजे आमच्या शाळेत सिंहांपेक्षा जास्त मुलं आहेत," असे भाचा म्हणाला आणि बराच वेळ गप्प राहिला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पाणघोड्यापाशी, आणि तसा तो जाऊ द्यावा. पाणघोडा पाहायला धीर लागतो. आपण येतो तेव्हा हिरवट पाण्याखेरीज काही दिसत नाही; घाईची माणसे एक फेरी मारून पुढे जातात. दोन-चार मिनिटे कठड्याशी थांबले की आधी बुडबुडे येतात, मग दोन नाकपुड्या झडप उघडावी तशा उघडतात, फुर्र असा आवाज होऊन पाणी उडते, आणि त्यामागोमाग डोळे व कान एका रेषेत वर येतात. कान वर येताच गरकन फिरून पाणी झटकतात. भाचीने हे सात वेळा पाहिले आणि सातही वेळा तितकीच हसली. हा प्राणी खऱ्या अर्थाने पोहत नाही, तळाशी पाय टेकून चालतो. त्याच्या कातडीतून तांबूस चिकट द्रव पाझरतो, तो उन्हापासून तिचे रक्षण करतो. आणि चरायला तो रात्री पाण्याबाहेर येतो. घोड्याशी त्याचे काही नाते नाही हे मी सांगितल्यावर भाच्याने हटकले, "मग पाणघोडा का म्हणायचं?" मला उत्तर देता आले नाही. त्याचा खरा नातलग दुपारी दाखवीन, एवढेच मी सांगितले आणि माझ्यावरची वेळ निभावली.

याच ठिकाणी एक गृहस्थ आपल्या मुलाला वेफरचे पाकीट पाण्यात रिकामे करू देत होते. इतकी सुशिक्षित दिसणारी माणसे असे का करतात हे मला कळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना खायला घालणे, डिवचणे, आरडाओरडा करून त्रास देणे आणि तिथे कचरा टाकणे हा गुन्हा आहे. यजमानांनी त्यांना तसे शांतपणे सांगितले. "एक पाकीटथी शुं थाय?" असे म्हणून ते गृहस्थ पुढे सरकले. मुलांना सोबत घेऊन जाताना खाऊ पिशवीच्या तळाशी ठेवावा आणि प्राण्यांच्या आवारात पिशवी उघडूच नये. आपल्याच पिशवीतून पाकीट निघाले नाही तर मोह होत नाही.

मगरींच्या बाबतीत बडोदेकरांना आपल्याला सर्व माहीत आहे असे वाटते आणि ते काही अंशी खरेही आहे. विश्वामित्रीत, भर शहरातून वाहणाऱ्या पात्रात, शेकडो मगरी राहतात, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा त्या वस्त्यांमध्ये आल्या होत्या हे आमच्या सर्वांच्या स्मरणात आहे. पुण्याच्या पाहुण्यांना मात्र हे खोटे वाटते. जावईबापू तिला सुसर म्हणत होते, आणि बोलीत तसे म्हणतातही. पण लांबट, काठीसारख्या तोंडाची घडियाल वेगळी आणि रुंद जबड्याची ही आपली मगर वेगळी. ती जबडा उघडा टाकून निश्चल पडली होती. भाचीला वाटले ती चावायच्या तयारीत आहे. प्रत्यक्षात उन्हात बसलेली मगर अंगातली उष्णता सांभाळण्यासाठी तोंड उघडे ठेवते. तिची मादी काठावरच्या खड्ड्यात अंडी घालते आणि अंडी कोणत्या तापमानात उबली यावरून पिल्लू नर की मादी हे ठरते. एवढे सगळे मी सांगत असताना सासूबाईंनी नातीला जवळ ओढून "सुसरबाई, तुझी पाठ मऊ" एवढेच कानात सांगितले, आणि माझ्या व्याख्यानापेक्षा तेच तिच्या लक्षात राहिले.

आत चालत जाता येईल असा पक्ष्यांचा मोठा पिंजरा हे लहान मुलांसाठी उत्तम ठिकाण आहे. पक्षी डोक्यावरून जातात, त्यामुळे जाळीतून डोकावण्याचा शीण होत नाही. तिथे हळू बोलण्याची अट आधीच घालावी. हरणे, काळवीट, बिबट्या हे आम्ही भराभर पाहिले. तोवर साडेअकरा झाले होते आणि सासूबाईंच्या चालण्यात उजव्या पायाचा कौल दिसू लागला होता. ज्येष्ठ माणसाला घेऊन सगळी बाग एका दमात करायची नाही, हे निघतानाच ठरवून ठेवावे. आम्ही दोघे मुलांबरोबर आणि एक जण आळीपाळीने सासूबाईंसोबत बाकावर, अशी व्यवस्था केली होती आणि ती चालली.

बागेच्या हिरवळीवर मोठ्या झाडाखाली आम्ही डबा उघडला. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, लसणाची चटणी आणि संक्रांतीच्या उरलेल्या गुळपोळ्या. सहलीच्या डब्यात रस्सा नसावा आणि पोळीला तूप बेताचे असावे, एवढे पाळले की हात धुवायला पाणी कमी लागते. झाडाच्या वरच्या फांदीत दोन फाटके पतंग आणि मांजाचा गुंता लटकत होता. उत्तरायणात अशा मांजाने पक्षी जखमी होतात आणि त्यांच्यासाठी गुजरातेत दरवर्षी करुणा अभियान चालते. सकाळी पाखरे पाहून आल्यावर भाच्याने तो गुंता काढायचा हट्ट धरला, पण फांदी कोणाच्याच हाताला येईना. ज्यांना बाहेर खायचे असेल त्यांनी बागेबाहेर एखाद्या चांगल्या लारीवर सेवउसळ खावी. उसळ मराठी, शेव गुजराती, आणि तर्री कोणाची यावर आमच्या घरात एकमत झालेले नाही. मात्र ती दुपारी न खाता परतीच्या वाटेवर खावी, कारण तिखटानंतर लहान मूल झोपत नाही. भाची आजीच्या मांडीवर तासभर गाढ झोपली. दिवस वाचला तो या एका तासाने.

दीडच्या सुमारास आम्ही वस्तुसंग्रहालयात शिरलो. बडोद्याचे हे म्युझियम आणि पिक्चर गॅलरी सयाजीरावांनीच उभारले. म्युझियमची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. चित्रांची इमारत १९१४ मध्ये तयार होऊनही पहिल्या महायुद्धामुळे युरोपातली चित्रे यायला उशीर झाला आणि ती १९२१ मध्ये उघडली. चित्रे, तिबेटी वस्तू, अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती, हे सगळे मोलाचे आहे, पण मुलांना घेऊन गेलेल्या माणसाने त्यांच्यासाठी दुसरा दिवस काढावा. इजिप्तची ममी मात्र भाच्याने सोडली नाही. भाची तिच्याकडे पाठ करून उभी राहिली.

मुलांसाठी या इमारतीतील, आणि माझ्या मते साऱ्या बागेतील, सर्वांत थोर प्राणी म्हणजे निळ्या देवमाशाचा सांगाडा. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा देवमासा. समुद्रापासून आत वसलेल्या आपल्या गावात तो आहे ही गोष्टच मुळात अचंब्याची. आपण दालनात शिरतो तेव्हा एकदम सगळा दिसत नाही. आधी जबड्याची दोन प्रचंड हाडे कमानीसारखी पुढे येतात, मग बरगड्या, उलट्या करून ठेवलेल्या होडीच्या वाशांसारख्या, आणि मग कण्याचे मणके, एकामागून एक, शेपटीकडे लहान लहान होत गेलेले. सासूबाईंनी एका मणक्याकडे बोट दाखवून "जात्याची तळीच ही" असे म्हटले, आणि खरोखरच तेवढा तो होता. भाचीने नाकापासून शेपटीपर्यंत पावले मोजायचे ठरवले. चाळिसाच्या पुढे तिचा आकडा चुकला आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भाचा जबड्यापाशी खिळला होता.

"मामी, याचे दात कोणी काढले?"

दात कोणी काढले नव्हते. त्याला ते नसतातच. निळ्या देवमाशाच्या वरच्या जबड्याला झालरीसारख्या पट्ट्या असतात, आपल्या नखांच्याच द्रव्याच्या, आणि त्यांतून समुद्राचे पाणी गाळून तो बोटभर कोळंबीसारखे बारीक जीव खातो. पृथ्वीवर आजवर झालेल्या सर्व प्राण्यांत मोठा प्राणी, डायनोसॉर धरूनही, आणि त्याचे अन्न हे. पट्ट्या हाड नव्हेत, त्यामुळे सांगाड्यात त्या दिसत नाहीत. नंतर मी त्याला पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवाची हाडे दाखवली. खांदा, दंड, कोपरापुढचे हात आणि बोटांच्या पेरांची रांग, सगळे आपल्या हातासारखे, फक्त आखूड आणि चपटे. त्याने आपला हात त्याच्यासमोर धरून बघितला. मासा नव्हे, पिल्लाला दूध पाजणारा प्राणी, हे मग वेगळे सांगावे लागले नाही.

"मासा नाही आणि म्हणायचं देवमासा," तो म्हणाला. "सकाळी घोडा नाही आणि म्हणायचं पाणघोडा."

मी सकाळचे वचन पुरे केले. आज जगात असलेल्या जमिनीवरच्या प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा आहे. त्यांचे पूर्वज फार फार पूर्वी एक होते. काही समुद्रात गेले, काही नदीत थांबले. हे ऐकून त्याने आधी मान हलवली, मग सांगाड्याच्या तोंडापाशी परत जाऊन नाकपुड्या कुठे असतील ते शोधू लागला. त्या डोक्याच्या वरच्या अंगाला असतात. पाणघोड्यानेही सकाळी आधी नाकपुड्याच वर काढल्या होत्या, हे त्याचे त्यालाच आठवले. सात माणसांच्या दिवसभराच्या खर्चाची किंमत माझ्या लेखी तिथेच वसूल झाली. सकाळी पाणघोडा आणि दुपारी देवमासा, हा क्रम म्हणूनही उलटू नये.

सासूबाई तोवर जागा पाहून टेकल्या होत्या. लग्न होऊन त्या बडोद्यात आल्या तेव्हा पहिल्या रविवारी सासऱ्यांनी त्यांना हाच देवमासा दाखवायला आणले होते, असे त्यांनी सांगितले. तेव्हा त्यांना तो फार भयंकर वाटला होता, आता, त्या म्हणाल्या, "हाडं माझ्यासारखीच दिसतात." जावईबापू मनापासून हसले, आणि सासूबाईही.

आता थोडे व्यवहाराचे. सात माणसांचा हा सारा दिवस, रिक्षा धरूनही, गेल्या उन्हाळ्यातील त्या खासगी उद्यानाच्या दोन तिकिटांत बसला. ज्यांना पाळणे, घसरगुंड्या आणि पाण्याचे खेळ हवेत त्यांनी इथे येऊ नये, निराशा होईल. ज्यांच्या मुलांना प्रश्न विचारायची सवय आहे त्यांनी जरूर यावे आणि उत्तरे थोडी वाचून यावीत, कारण पाटीवर नाव व मुलूख असतो आणि मुलांचे प्रश्न त्यापुढे सुरू होतात. हिवाळा उत्तम; एप्रिल-मेमध्ये यायचेच असेल तर सकाळचे दोन तास प्राणी पाहून घरी जावे. पायांत चपलेऐवजी बूट असावेत, पाणी माणशी एक बाटली असावे, आणि रविवार टाळता आला तर टाळावा. जॉय ट्रेनवर दिवसाची मदार ठेवू नये. ती चालू असेल तर आनंद आहे, पण बागेतून जाणाऱ्या रुळांच्या आसपास लहान मुलाचा हात एक क्षणही सोडू नये, आणि हे मी इथे अतिशय गांभीर्याने लिहीत आहे. फुलांचे घड्याळ पाच मिनिटांत पाहून होते. यंत्र जमिनीखाली लपवलेले आहे एवढे सांगितले की मुले जमिनीला कान लावतात.

ऊन उतरल्यावर आम्ही दाराकडे निघालो. बागेतल्या उंच झाडांना मोठी वटवाघळे उलटी टांगलेली असतात, आणि तिकिटाशिवाय पाहायला मिळणारे हे प्राणी बहुतेक जण मान वर न केल्यामुळे चुकवतात. अंधारू लागले की ती पंख सैल करतात, आपसांत कुरबुरतात आणि एकेक करून निघतात. नणंदेने ती आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली आणि पदर डोक्यावर घेतला.

बाहेर चौकात काळा घोडा उभा होता. सयाजीरावांचा हा अश्वारूढ पुतळा डेरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने घडवला आणि १९०७ मध्ये तो इथे आला. महाराज वर बसलेले असूनही चौकाने नाव घेतले ते घोड्याचे. घोडा काळा दिसतो, पण आहे ब्राँझचा. रिक्षा ठरवेपर्यंत भाची यजमानांच्या खांद्यावर होती, अर्धी झोपेत. दिवसभरात तिने दादाचे सगळे ऐकले असावे, कारण तिने डोळे न उघडता विचारले, "मामा, हा तरी घोडाच आहे ना?"